भरतीची धाव आणि घाम टिपणारा टी-शर्ट

गेल्या वर्षी मार्चमध्ये मळवलीच्या बाजूचे एक शेतकरी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला माझ्या लोणावळ्याच्या दवाखान्यात आले होते. उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, पोरगं पोलीस भरतीसाठी पळायला लागलंय. त्याला काय घेऊन देऊ?" बाहेर पेशंटची रांग होती. चिठ्ठीवरून मान वर न करता मी सांगून टाकले, "घाम टिपणारा चांगला टी-शर्ट घ्या. सुती नको, भिजला की जड होतो."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, तोच मुलगा टेम्पोतून माझ्या दवाखान्याच्या दारात आला. वय वर्षे २०. कार्ला-मळवली रस्त्यावर धावताना त्याची पावले वाकडी पडू लागली, तो काहीतरी असंबद्ध बोलला आणि खाली बसला. अंग थरथरते आहे असे पाहून मित्रांनी त्याला चादरीत गुंडाळले होते. गुदद्वारातून ताप मोजला तर ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळजवळ १०६ अंश फॅरनहाइट! हा उष्माघात होता. आम्ही त्याला व्हरांड्यात उघडा केला, अंगावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या, टेबलफॅन लावला. वीस मिनिटांनी त्याने वडिलांचे नाव बरोबर सांगितले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग त्याला तळेगावच्या रुग्णालयात पाठवले. तिथे चार दिवस त्याच्या मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागले. मुलगा वाचला.

आठवड्याने वडील भेटायला आले. म्हणाले, "टी-शर्ट तुम्ही सांगितला तसलाच घेतला होता, डॉक्टर. दुकानदार म्हणाला, यात ऊन लागत नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. मी दिलेला सल्ला ऐकीव होता, तपासलेला नव्हता. तो तपासून पाहायचे मी त्याच दिवशी ठरवले. उन्हाळा पुन्हा तोंडावर आला आहे आणि मावळातल्या प्रत्येक गावाच्या रस्त्यावर भरतीची मुले-मुली धावताना दिसू लागली आहेत. त्यामुळे जे आढळले ते वाचकांपुढे ठेवतो.

शरीराची भट्टी

आधी थोडे गणित. माणूस धावतो तेव्हा वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला ढोबळमानाने १ उष्मांक खर्च होतो. ६० किलोचा तरुण तासात १० किलोमीटर धावला तर ६०० उष्मांक झाले. यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवण्याच्या कामी येतो. उरलेल्या ४५० उष्मांकांची उष्णता होते. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ५० उष्मांक पुरतात. म्हणजे शरीराला थंड होण्याची काहीच सोय नसती, तर दर सहा-सात मिनिटांना ताप १ अंशाने चढला असता आणि अर्ध्या तासात उष्माघात ठरलेला असता.

तसे होत नाही, कारण निसर्गाने घाम दिला आहे. १ लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. आपल्या तरुणाची तासाभराची उष्णता पाऊण लिटरहून थोड्या अधिक घामाने निघून जाऊ शकते. अट एकच, तो घाम वाळला पाहिजे. मडक्यातले पाणी गार होते ते मडके पाझरते म्हणून नव्हे, पाझरलेले पाणी वाळते म्हणून. जो घाम हनुवटीवरून रस्त्यावर टपकला तो फुकट गेला. त्याने शरीरातले पाणी आणि मीठ नेले, उष्णता मात्र नेली नाही.

आता कापडाकडे वळू. सुताचा धागा पाणी स्वतःच्या पोटात घेतो. पॉलिस्टरचा धागा जवळजवळ घेतच नाही. नेहमीच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असते, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. हा धागा नवा नव्हे. १९४१ साली इंग्लंडमध्ये त्याचा शोध लागला आणि टेरिलीन या नावाने आपल्या वडिलांच्या पिढीने त्याचे शर्ट मिरवले. ते उन्हाळ्यात अंगाला चिकटत, गदगदायला लावत, कारण वीण घट्ट असे. आजच्या खेळाच्या टी-शर्टात धागा तोच आहे. फरक इतकाच की तो बारीक तंतूंचा, सैल आणि जाळीदार विणलेला असतो. दोन तंतूंमधल्या फटीतून घाम केशाकर्षणाने पसरतो, दिव्याच्या वातीत तेल चढते तसा. घाम मोठ्या पृष्ठभागावर पसरला की लवकर वाळेल, ही त्यामागची कल्पना. कल्पना खोटी नाही. प्रश्न एवढाच की तिचा धावणाऱ्याच्या तापावर किती परिणाम होतो?

दोन टी-शर्ट, दोन काटे

माझे वय ५७. रोज सकाळी चार-पाच किलोमीटर हळू धावण्याची सवय आहे. हृदयाची तपासणी करून घेतली आणि मगच या उद्योगाला लागलो. वाचकांनी त्याचे अनुकरण करू नये. आमचे कंपाउंडर पाण्याची बाटली घेऊन सायकलवर बरोबर असत.

रस्ता वळवण धरणाकडचा, अंतर ५ किलोमीटर, वेळ दुपारी साडेचारची, चाल ४० मिनिटांची. एक टी-शर्ट साधा सुती, दुसरा जाळीदार पॉलिस्टरचा. दोन्ही पांढरे, दोन्ही सैल. धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून दवाखान्यातल्या काट्यावर स्वतःचे वजन केले. टी-शर्ट आणि चड्डी मात्र स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोलावी लागे. त्यावरून घरात जे बोलणे खावे लागले ते इथे लिहीत नाही. शेवटी काट्यावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरण्याच्या अटीवर परवानगी मिळाली.

हवा मोजण्यासाठी दोन तापमापक टांगले. एक कोरडा, तर दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली. हा शाळेतला प्रयोग आहे, पण आपल्या विषयाचे मर्म त्यातच आहे. ओली चिंधी म्हणजे आपले घामेजलेले अंग. हवा कोरडी असेल तर चिंधीतले पाणी भराभर वाळते आणि ओला तापमापक बराच खाली उतरतो. हवा दमट असेल तर तो कोरड्याच्या जवळच घुटमळतो.

असे एप्रिलअखेरीस सहा दिवस आणि मृगाच्या तोंडावर, वळीव पडून गेल्यावर, पुन्हा सहा दिवस धावलो. प्रत्येक वेळी तीन दिवस सुती, तीन दिवस पॉलिस्टर.

काय आढळले?

एप्रिलअखेरीस कोरडा तापमापक ३५ अंशांच्या आसपास होता आणि ओला २१ च्या. दोन्ही टी-शर्टांत माझे वजन प्रत्येक धावेला सुमारे ६०० ग्रॅमने घटले. सुती टी-शर्टात सरासरी ९० ग्रॅम घाम अडकला, पॉलिस्टरमध्ये फक्त ३५. इथपर्यंत दुकानदाराचे म्हणणे खरे वाटते. पण चड्डी तोलली तेव्हा गंमत कळली. पॉलिस्टरच्या दिवशी तिच्यात ७५ ग्रॅम घाम होता, सुतीच्या दिवशी ३०. म्हणजे टी-शर्टाने जो घाम धरला नाही, त्यातला पुष्कळसा वाळला नव्हता, खाली ओघळला होता! दोन्ही मिळून फरक राहिला १० ग्रॅमचा. माझ्या वजनकाट्याची चूकच ५० ग्रॅमची असल्याने त्याला काही अर्थ नाही. धाव संपताच मोजलेल्या नाडीत मिनिटाला दोन ठोक्यांचा फरक. तोही नगण्य.

उलट, कोरड्या वाऱ्यात भिजलेला सुती टी-शर्ट मला अधिक गार वाटला. आपला शेतकरी उन्हात पंचा भिजवून डोक्याला गुंडाळतो, त्यात शास्त्र आहे ते हेच.

आता जून. कोरडा तापमापक २९ अंश, ओला २६. साधा तापमापक पाहणारा म्हणेल, हवा तर सहा अंशांनी उतरली, आता धावायला हरकत नाही. प्रत्यक्षात त्याच रस्त्यावर, त्याच चालीने, माझे वजन ८५० ग्रॅमने घटले. सुती टी-शर्ट आणि चड्डीने मिळून २९० ग्रॅम घाम धरला, पॉलिस्टर आणि चड्डीने २६०. त्याशिवाय कोपरांवरून, हनुवटीवरून जो टपकला तो वेगळा. नाडी दोन्ही टी-शर्टांत एप्रिलपेक्षा १४ ठोक्यांनी जास्त!

सारांश असा. कापड बदलल्याने नाडीत २ ठोक्यांचा फरक पडला, हवा बदलल्याने १४ चा. एका माणसाच्या बारा धावांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३० अंशांच्या कोरड्या हवेत सुती, खास कृत्रिम धाग्याचे आणि जवळजवळ उघड्या अंगाने, असा व्यायाम करवून पाहिला होता. शरीराच्या आतल्या तापमानात कापडामुळे फरक पडला नाही, असाच तिथेही निष्कर्ष निघाला. माझ्या काट्याने नवे काही शोधले नाही. मार्चमध्ये मी जे वाचून सांगायला हवे होते, ते जूनमध्ये धावून शिकलो, इतकेच.

लष्करी डॉक्टरांना हे फार पूर्वी उमगले होते. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलातल्या नव्या रंगरुटांना कवायतीत उष्माघात होत असे. त्यावर उपाय म्हणून तिथे एक निर्देशांक तयार झाला. त्यात ७० टक्के वजन ओल्या तापमापकाला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला आणि केवळ १० टक्के साध्या कोरड्या तापमापकाला दिलेले असते. निर्देशांक ठरावीक आकड्यावर गेला की कवायत बंद. गणवेशाचे कापड बदलून नव्हे, कवायतीची वेळ आणि जोर बदलून तिथे मुले वाचवली गेली. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ जणांचे बळी गेले. ती माणसे धावतही नव्हती, उघड्यावर उन्हात बसलेली होती. समुद्राजवळच्या दमट हवेत ऊन किती घातक होते, याची ती दुःखद आठवण आहे.

मग टी-शर्ट घ्यावा की नाही?

जरूर घ्यावा, पण तो कशासाठी हे समजून. माझ्या दोरीवर पॉलिस्टरचा टी-शर्ट एप्रिलमध्ये अर्ध्या तासात वाळला. सुतीला दीड तासाहून जास्त लागला. लोणावळ्याच्या पावसाळ्यात, जिथे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, हा गुण मोठा आहे. ओला सुती कपडा काखेत, जांघेत आणि छातीवर घासून कातडी सोलतो. ओल धरलेल्या कातडीवर गजकर्ण फोफावते आणि पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या धावपटूंची ती नेहमीची तक्रार असते. हिवाळ्यात खंडाळ्याच्या घाटात पळून थांबल्यावर ओला सुती टी-शर्ट वाऱ्याने हुडहुडी भरवतो. या तिन्ही ठिकाणी पॉलिस्टर सरस आहे.

त्याचा एक दोषही सांगतो. त्याला वास लवकर धरतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की दुर्गंधी निर्माण करणारे काही जंतू सुतापेक्षा पॉलिस्टरवर अधिक वाढतात. धावून आल्यावर टी-शर्ट पिशवीत कोंबून ठेवू नये, लगेच धुवावा.

विकत घेताना नावाला भुलू नका. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला ती लागली पाहिजे. उजेडाकडे धरा, बारीक छिद्रे दिसली पाहिजेत. आतल्या बाजूला पाण्याचा थेंब सोडा, तो मण्यासारखा उभा न राहता पसरला पाहिजे. टी-शर्ट सैल आणि फिक्या रंगाचा असावा. या कसोट्यांना साधा बाजारातला टी-शर्टही उतरतो. ज्यांना परवडत नाही त्यांनी जुना, पातळ, सैल सुती बनियन घालून खुशाल धावावे. भरतीच्या १६०० मीटरमध्ये केवळ कपड्यामुळे कोणी मागे पडत नाही. "घाम जास्त निघावा" म्हणून प्लॅस्टिकचे जाकीट किंवा जाड स्वेटशर्ट मात्र कोणीही घालू नये. त्याने चरबी घटत नाही, फक्त पाणी घटते आणि उष्माघात जवळ येतो.

खरे संरक्षण कशात?

त्या मुलाची हकिकत मी नंतर नीट विचारली, जी मार्चमध्येच विचारायला हवी होती. पहाटे तो म्हशींच्या धारा काढून दूध डेअरीवर घालत असे, म्हणून धावायला साडेदहा वाजत. परीक्षेसाठी महिनाभर त्याचा सराव बंद होता आणि कोसळला तो पुन्हा सुरुवात केल्याच्या पाचव्या दिवशी. आदल्या रात्री त्याला जुलाब झाले होते. त्या दिवशी मित्र घड्याळ लावून वेळ मोजत होते, म्हणून गरगरत असूनही तो थांबला नाही. टी-शर्ट काळा आणि अंगाला घट्ट बसणारा होता. अशी पाच कारणे एकत्र आली होती आणि त्यांपैकी चारांवर कोणत्याही कापडाचा इलाज नव्हता.

म्हणून भरतीच्या मुला-मुलींनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात:

१. मार्च ते जून धावणे सकाळी सातच्या आत संपवावे. ते जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर धावावे.

२. शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सुरुवात १५-२० मिनिटांच्या हलक्या धावेने करावी आणि रोज थोडी वाढवावी. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

३. वळीव पडून गेल्यावर हवा कुंद असेल तर वेग कमी करावा, घड्याळ घरी ठेवावे.

४. ताप, जुलाब, उलटी, रात्रीचे जागरण यांनंतर एक-दोन दिवस धावू नये. सर्दीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

५. तहान लागेल तसे पाणी प्यावे. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहावे. घट वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक नसावी, म्हणजे ६० किलोच्या मुलाला १२०० ग्रॅम. वजन उलट वाढले असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. तेही धोक्याचे, कारण त्याने रक्तातले मीठ पातळ होते. मिठाच्या गोळ्या खाऊ नयेत. घाम फार गेला असेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी घोट घोट प्यावी.

६. एकट्याने धावू नये. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, उन्हातही अंगावर काटा येणे यांपैकी काही झाले तर त्या क्षणी थांबावे. धावल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मित्र कोसळला तर

धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, चिडू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजावा. अंग घामाने ओले असले तरीही. "घाम येतो आहे म्हणजे ऊन लागलेले नाही" हा समज चुकीचा आहे. त्या मुलाचे अंगही ओलेचिंब होते.

एक जण १०८ क्रमांकावर फोन करील. बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता तिथेच काम सुरू करायचे. नियम एकच: आधी गार करा, मग हलवा. सावलीत न्या, कपडे काढा, टी-शर्ट कितीही महागाचा असो. जवळ गुरांचा हौद असेल तर त्यात मानेपर्यंत बसवा, दोघांनी डोके आणि खांदे धरून ठेवा. हौद नसेल तर विहिरीची मोटर लावा, हंडे ओता, ओल्या पंचाने वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर बहुतेक जीव वाचतो, उशीर झाला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना इजा होते. चादरीत गुंडाळू नका. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. काखेतला थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. माणूस नीट बोलू लागला तरी रुग्णालयात न्याच.

तो मुलगा पुढे सहा आठवडे धावला नाही. पावसाळ्यात त्याने हळूहळू सुरुवात केली. आता धारांचे काम सकाळी धाकटा भाऊ करतो, मोठा संध्याकाळी करतो, आणि पहाटे साडेपाचला तीन मित्र मिळून पळतात. टी-शर्ट तोच आहे का, असे मी गेल्या महिन्यात विचारले. त्याच्या वडिलांनीच उत्तर दिले, "तो व्हय? तो आता मी घालतो, लावणीच्या वक्ताला. भिजला तरी लवकर वाळतो."

टी-शर्टाचा याहून योग्य उपयोग मलाही सांगता आला नसता. वाचकहो, कपडा आपल्या सोयीसाठी असतो, जीव वाचवण्याचे काम त्याच्यावर सोपवू नका. घरात भरतीची तयारी करणारे कोणी असेल तर या उन्हाळ्यात त्याला किंवा तिला एकच प्रश्न रोज विचारा: "किती वाजता पळणार आहेस?"